आमचं तसं काही नाही झालं

वादळ होऊन गेलं की काही दिवसांनी कुठेतरी रेंज सापडते आणि फोन सुरू होतात. पलीकडचा प्रश्न ठरलेला असतो : "सगळे बरे आहात ना? घराला काही झालं नाही ना?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं : "नाही नाही, आमचं तसं काही नाही झालं."

हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं, की पुढे पुढे समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते तोंडातून बाहेर पडायचं. आणि ते म्हणताना मी उभी असायचे स्वयंपाकघराच्या दारात, जिथून वर पाहिलं तर थेट आभाळ दिसत होतं. गाद्या भिजलेल्या, भिंतींना ओल, अंगणात झाड आडवं. तरी "काही नाही". त्यात खोटेपणा नव्हता. पलीकडच्या गल्लीत एकांची अख्खी भिंत बसली होती, त्यांच्या पुढ्यात आमचे उडालेले पत्रे कोणत्या तोंडाने काढायचे? आपलं नुकसान आपण कधी एकटं मोजतच नाही. दुसऱ्याच्या नुकसानाशेजारी ठेवून मोजतो आणि मग ओशाळून 'काही नाही'वर येतो.

त्या 'काही नाही'मध्ये काय काय होतं ते एकदा लिहून ठेवावंसं वाटतं.

हल्ली वादळ घरावर येण्याआधी तीन-चार दिवस मोबाइलवर येऊन बसतं. समुद्रात कुठेतरी एक टिंब, त्यापुढे रुंदावत जाणारा शंकू, आणि त्या शंकूच्या आत कुठेतरी आपण. हा शंकू पाहून वादळ तेवढं मोठं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. वादळाचं केंद्र पुढे कुठून कुठपर्यंत सरकू शकेल एवढंच तो दाखवतो, आणि तेही साधारण तीनात दोनदा खरं ठरेल अशा अंदाजाने. केंद्र शंकूबाहेर जाऊ शकतं. शिवाय केंद्र शंभर किलोमीटर दूरून गेलं तरी वारापाऊस दारात यायचा तो येतोच. दादा हवामान खात्याचं नवीन पत्रक आलं रे आलं की मोबाइल घेऊन बसायचा. एकदा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "बघ आई, सरकलं वर. आपण सुटलो बहुतेक."

आईने विचारलं, "वर कोण राहतं?"

दादा गप्प. वादळ टळू दे म्हणणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊ दे म्हणणं, हे नकाशा नव्हता तेव्हा एवढं लख्ख दिसत नसावं. पुढच्या पत्रकात ते पुन्हा खाली आलं आणि हा प्रश्न मिटला.

आदल्या दिवशीचा उकाडा विसरता येत नाही. पान हलत नव्हतं, घाम वाळत नव्हता. वादळ चालतं ते याच दमट उष्णतेवर. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर, आणि तेही नुसतं वरवर नव्हे तर सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत तापलेलं असेल, तर त्याची वाफ वर जाते. वर गेल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि होताना तिने घेतलेली उष्णता ती सोडून देते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो, भोवतालची हवा आणखी वेगाने आत ओढली जाते, आणि पृथ्वी फिरते आहे म्हणून ती सरळ न येता वळत येते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण पुरेसं मिळत नाही, त्यामुळे तिथे चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत. जमिनीवर आलं की खालची वाफ तुटते आणि वादळ उतरणीला लागतं. म्हणजे घरावर येतं ते शक्ती ओसरू लागलेलं वादळ. हे मी आईला धीर द्यायला सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, "ओसरायच्या आधी आपलं घर लागतं ना त्याला?"

तयारी सगळीकडे असते तीच. पाणी भरून ठेवलं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, बॅटऱ्या चार्ज केल्या. अंगणातलं जे जे उचलता येईल ते आत आणलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे एरवी ज्या कुंडीला वारा हात लावत नाही तीच कुंडी वादळात खिडकीवर येऊन आदळते. बाहेरचं सगळं आत आल्यावर घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आम्ही तिघं पुढच्या स्लॅबच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरावर व पडवीवर पत्रा. सगळी चिंता त्या पत्र्याची होती.

आवाजाबद्दल सगळे विचारतात. मला तो नीट सांगता येत नाही. वारा सुटला की झाडांचा आवाज येतो, तोपर्यंत ठीक असतं, कारण तो ओळखीचा असतो. एका टप्प्यानंतर झाडं, तारा, पत्रे असे वेगवेगळे आवाज ऐकू येणं बंद झालं. सगळ्यांचा मिळून एकच खालच्या पट्टीतला आवाज, जो कानापेक्षा छातीत जास्त लागत होता. भिंतीला पाठ टेकली तर भिंत थरथरत होती. मध्येच आई म्हणाली, "कानात दडे बसलेत गं." हवेचा दाब उतरत होता. समुद्रसपाटीवर तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅसिफिकमधल्या टिप नावाच्या वादळाच्या पोटात तो ८७० पर्यंत उतरला होता, तेवढा खाली समुद्रसपाटीवर आजवर कुठल्याच वादळात नोंदला गेलेला नाही. आमच्या वाट्याला त्यातला अगदी किरकोळ उतार आला असेल. पण तो यंत्राविना, स्वतःच्या कानाने मोजला, याचं मला त्या गडबडीतही नवल वाटलं होतं.

पाणी वरून येईल म्हणून आम्ही बादल्या मांडल्या होत्या. ते आलं आडवं. बंद खिडकीच्या चौकटीतून, दाराच्या फटीतून, एकदा तर कुलपाच्या भोकातून पिचकारी उडाली. टॉवेल, चादरी, जुन्या साड्या, जे हाताला लागेल ते चौकटीत कोंबायचं, भिजलं की पिळायचं, पुन्हा कोंबायचं. बाहेर काळोख. वारा कुठून आहे हे कळायला एकच खूण होती : कुठली खिडकी गळते आहे. आधी स्वयंपाकघराची गळत होती, मग हळूहळू ती थांबली आणि पुढच्या खोलीची सुरू झाली. त्यावरून दादाने हिशेब मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने हा नियम १८५७ साली सांगितला आणि खलाशी पुढे त्यावरच वादळापासून पळ काढत. दादा अंधारात खिडकीकडे पाठ करून, डावा हात लांब करून उभा राहिला आणि म्हणाला, "पलीकडून चाललंय. डोळा काही आपल्यावरून जात नाही."

आईला वाटलं ही चांगली बातमी. अर्धी चांगली होती. डोळ्यात, म्हणजे वादळाच्या अगदी मधल्या भागात, वारा पडतो, कधी कधी तारेही दिसतात म्हणतात, पण त्याच्या भोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा सगळ्यात जोराचा असतो आणि डोळा सरकला की तोच वारा उलट दिशेने येतो. संपलं समजून बाहेर पडलेली माणसं अशा वेळी सापडतात. आमच्याकडे तसा खंड पडला नाही, नुसतंच चालू राहिलं.

मग दादाने खिडक्यांचा विषय काढला. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी उघडली तर आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि छप्पर वाचतं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ही समजूत बरीच जुनी आहे आणि जगभर आहे. पण घर काही हवाबंद डबा नसतं, दाब सारखा व्हायला फटी पुरतात. उलट एखादी खिडकी उघडली किंवा फुटली की वारा आत शिरून छताला खालून ढकलतो, आणि वरून तर छत आधीच ओढलं जात असतं. छप्पर वाऱ्याने दाबलं जात नाही, उचललं जातं. मी हे सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. शेवटी आईने निकाल दिला : "खिडकीला कुणी हात लावायचा नाही." वाद तिथेच थांबला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराचे पत्रे गेले. खिडक्या बंद असतानाच गेले, हे दादाने त्यानंतर बरेचदा ऐकवलं आहे.

पत्रा जाताना मोठा धडाका होईल असं वाटलं होतं. आधी एका कोपऱ्यात टक टक टक असं सुरू झालं, बराच वेळ चाललं. मी बॅटरी मारून पाहिलं तर कोपऱ्याचा पत्रा स्क्रूभोवती वरखाली होत होता आणि प्रत्येक वेळी फटीतून पाण्याचा फवारा आत येत होता. मग ती टकटक थांबली आणि मला बरं वाटलं. थांबली म्हणजे स्क्रू सुटला होता.

सकाळी उजेड नको इतका होता. एरवी त्या वेळी अंगणात सावली असते. बदामाचं झाड पडलं होतं, म्हणून आभाळ एकदम खाली आल्यासारखं वाटलं. वडिलांनी लावलेलं झाड. ते मोडलं नव्हतं, मुळासकट उलटलं होतं, आणि मुळांनी आपल्याबरोबर मातीचा दारापेक्षा उंच गोल उभा उचलला होता. त्या मातीत आमचा पाण्याचा पाइप अडकून हवेत लोंबत होता, आणि एक लहानपणीचा पितळी चमचा होता जो आम्ही दोघांनी कधीतरी पुरला असणार. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर पानांचा चुरा असा बसला होता की जवळ जाऊन नखाने खरवडल्यावरच खाली रंग आहे हे कळलं. हवेत नुकतंच गवत कापल्यासारखा वास, पण कितीतरी पट दाट. समोरच्या काकू फाटकाशी आल्या. आम्ही एकमेकींना विचारलं आणि दोघींनीही सांगितलं, काही नाही.

पत्रे बसवायला आलेल्या माणसाने उडालेला एक पत्रा शोधून आणला होता. स्क्रूच्या भोकाभोवती त्यात बारीक तडे गेले होते. "तार कशी वाकवून वाकवून तोडतो, तसं झालंय हे," तो म्हणाला. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ट्रेसी वादळाने असंच उघडं पाडलं होतं. वादळ आकाराने लहान, पण शहरातली ७० टक्क्यांहून जास्त घरं गेली. नंतर तपासणी केलेल्या जॉर्ज वॉकर या अभियंत्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पत्र्यांत हेच आढळलं : झोतामागून झोत सोसून धातू स्क्रूभोवती थकतो आणि फाटतो. तोवर पत्र्याची चाचणी एकदाच जोर लावून करत. ट्रेसीनंतर पुन्हा पुन्हा जोर लावून पाहायला सुरुवात झाली आणि तिथले घरबांधणीचे नियम बदलले. आमच्या माणसाला डार्विन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने छताच्या कडेला आणि कोपऱ्यांना स्क्रू दुप्पट मारले, खाली रुंद वायसर घातले, आणि मधल्या भागात नेहमीइतकेच ठेवले. ओढ कडेला जास्त असते हे त्याला हाताने माहीत होतं.

मग वीज नसण्याचे दिवस. याबद्दल लोक गमतीने बोलतात, तारे दिसले, गप्पा झाल्या वगैरे. पहिल्या रात्री मलाही तसंच वाटलं. नंतर पंखा नसलेल्या दमट खोलीत आईला झोप लागेना, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या आणि रस्त्यावर झाडं. तेव्हा तारे बघवले नाहीत. त्या दिवसांत मला कळलं की वादळात मरणाऱ्यांचे आकडे आपण कुठे थांबवतो यावर सगळं असतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरून गेलं. सरकारी आकडा बरेच महिने ६४ होता. विजेविना बंद पडलेली यंत्रं, न मिळालेली औषधं, न पोचलेल्या रुग्णवाहिका हे सगळं धरून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी पुन्हा मोजणी केली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने नवा आकडा मान्य केला : २,९७५. सगळ्यांकडे वीज पोचायला तिथे सुमारे ११ महिने लागले होते. २०२४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतल्या १९३० ते २०१५ या काळातल्या वादळांचा हिशेब त्याहूनही लांब ओढला. एका वादळामागे सरकारी नोंदीत सरासरी २४ मृत्यू, आणि पुढच्या सुमारे १५ वर्षांत ७ ते ११ हजार जास्तीचे. पंधरा वर्षांनंतरचा मृत्यू वादळाच्या खात्यावर टाकावा का, यावर वाद घालता येईल. माझ्या मनात तो अजून मिटलेला नाही. पण ६४ वर थांबणं चूक होतं एवढं नक्की.

वाऱ्याआधीच्या कामात मात्र माणसाने मोठी मजल मारली आहे, हे कबूल करायला हवं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये भोला वादळाने गंगेच्या मुखाशी किती माणसं नेली याचा अंदाजच ३ ते ५ लाख असा दिला जातो. मधली दोन लाख माणसं होती की नव्हती हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे १० हजार गेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा १० लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. इशारा, निवारा, बस, भोंगा यांनी हे साधलं. वादळानंतरच्या महिन्यांसाठी असा कुठला भोंगा अजून नाही.

नुकसानीचा अर्ज आला त्यात रकाने होते : भिंत, छत, जनावरं, पूर्णतः, अंशतः. आम्ही 'अंशतः'वर खूण केली. अर्जाबद्दल माझी तक्रार नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण काकूंचे फोटोंचे अल्बम कुठल्या रकान्यात बसणार? पाणी त्यांच्या लोखंडी पेटीत शिरलं होतं. फोटो एकमेकांना चिकटले होते आणि त्या ते ओढून सोडवायला निघाल्या होत्या. ओढले की चेहरेच निघून येतात. चिकटलेले ओले फोटो स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे आणि आपणहून सुटायची वाट पाहायची, हे मला ठाऊक होतं. दुपारभर आम्ही परातीत पाणी घेऊन बसलो. त्यांच्या लग्नातला एक फोटो कडेकडेने सुटत आला. काकांचा फेटा आला, खांदा आला, शेजारी उभ्या असलेल्या दिरांचा चेहरा मात्र समोरच्या फोटोच्या पाठीला गेला. काकू म्हणाल्या, "जाऊ दे, त्यांच्याशी आमचं तसंही बोलणं नव्हतं." हसून हसून आमची पुरेवाट झाली. बाकीच्या फोटोंना तोवर बुरशी धरली होती. ओल्या कपड्यांना, कागदांना, लाकडाला दोन दिवसही पुरतात तिला, आणि वाळवायला ऊन यायला त्याहून उशीर झाला होता.

आणखी एक गोष्ट त्या अर्जात नव्हती. आता साधा वारा सुटला तरी आई उठते. स्वयंपाकघरात जाऊन छताच्या त्या कोपऱ्याखाली उभी राहते, टकटक ऐकू येते का बघते आणि परत येऊन झोपते. विचारलं तर सांगते पाणी प्यायला गेले होते. मी आता विचारत नाही, कारण बऱ्याचदा मीही जागीच असते.

उभ्या राहिलेल्या झाडांचंही तसंच निघालं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती हिरवी होती. आठवड्याभरात समुद्राकडच्या बाजूची पानं तपकिरी होऊन गळली, वाऱ्यासोबत आलेल्या खाऱ्या फवाऱ्याने. मग हंगाम नसताना सगळ्यांना एकदम पालवी फुटली, एका झाडाला तर अवेळी मोहर. लोकांना ते बघून बरं वाटलं. माळीकाम करणारे म्हणाले, झाड घाबरलं की असं करतं, साठवलेलं सगळं एकदम खर्च करतं, पुढच्या वर्षी बघा.

बदामाच्या जागी खड्डा राहिला आहे. आईला तिथेच बदाम हवा. दादाचं म्हणणं, झाड जेवढं उंच होणार तेवढं ते घरापासून लांब पाहिजे, नाहीतर पुढच्या वादळात ते थेट स्लॅबवर येईल. त्याने टेप लावून दाखवलं : त्या हिशेबाने रोप आमच्या कुंपणापलीकडे जातं. आई म्हणाली, "मग लाव की काकूंच्या अंगणात." ती चिडून म्हणाली होती, पण दादाने ते मनावर घेतलं आणि जाऊन विचारूनही आला. काकू तयार आहेत. फक्त पानं कुणी झाडायची ते आधी ठरवा म्हणतात.